सैर सगळ्यांची व्हावी

ईदचा दिवस नमाज, शीरखुर्मा आणि पाहुण्यांच्या ये-जा करण्यात सरतो. खरी सैर होते ती दुसऱ्या दिवशी, बासी ईदला. राजिवडा, मिरकरवाड्यातली मुले संध्याकाळी मांडवीला, भाट्याला निघतात. मागे राहते गुडघ्यांनी थकलेली दादी किंवा व्हीलचेअरवरचा भाऊ. ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते,’ हे वाक्य दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत शेजारच्या घरांतही ऐकू येते.

त्यांना नेता येते. फक्त जागा त्यांच्याकडे पाहून ठरवावी लागते. भाट्याच्या वाळूत व्हीलचेअरची चाके रुततात, तिथे सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसणे सोयीचे. मांडवीला वाळूत न उतरताही समुद्र दिसतो. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि सूर्यास्त बसल्या जागी पाहता येतो. रत्नदुर्गाला मात्र पायऱ्या आहेत. थिबा राजवाडा १९१० चा. त्या काळच्या वास्तूत लिफ्टची अपेक्षा धरू नये, तळमजला पाहून समाधान मानावे.

घरातल्या एकाने आदल्या दिवशी जाऊन यावे. गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती, कठडा आहे का, स्वच्छतागृहात कमोड आहे का, एवढे पाहिले तरी निम्मी काळजी मिटते. गर्दी व्हायच्या आत पोहोचावे. घडीची खुर्ची, पाणी, औषधे सोबत ठेवावीत.

पण सगळा भार घरच्यांवरच का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्याने पाच वर्षे दिली होती; ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले, की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

खर्च फार मोठा असतोच असे नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे साधे प्रमाण. दोन पायऱ्यांच्या जागी तेवढा उतार आणि कठडा पुरतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये लाटांच्या जवळपर्यंत २६३ मीटरचा लाकडी मार्ग झाला. काही दिवसांतच वादळाने त्याचे नुकसान केले. म्हणजे बांधण्याइतकीच डागडुजीचीही तरतूद हवी, हेही कोकणाने लक्षात घ्यावे.

ज्याला उभे राहवत नाही, त्याने खुर्चीवर बसून नमाज अदा करावी, ही मुभा आहेच. मशिदीत त्या खुर्च्या कोणाला खटकत नाहीत. तशीच एक व्हीलचेअर किनाऱ्यावरही सहज दिसावी. स्थानिक प्रशासनाने मांडवी आणि भाट्यात एकेका उतारापासून सुरुवात करावी. आणि घरच्यांनी यंदाच्या बासी ईदला गाडीतली पुढची जागा दादीसाठी राखून ठेवावी.