शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण कोठे घ्यावे?

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की आमच्या कार्यालयात विचारणा सुरू होते. ‘नीट-पीजी’ उत्तीर्ण झालेले तरुण डॉक्टर येतात, त्यांचे पालक येतात. त्यांत आमच्या देणगीदारांची आणि कर्मचाऱ्यांची मुलेही असतात. गुणानुक्रमाप्रमाणे जनरल सर्जरीची जागा दोन-तीन ठिकाणी मिळण्याजोगी असते. त्यांपैकी कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न असतो. प्रशासन विभागातील आम्ही मंडळी वैद्यक नव्हे. तथापि शस्त्रक्रियागृहाची नोंदवही, निवासी डॉक्टरांचे कामाचे वेळापत्रक आणि रुग्णांची देयके या तिन्ही गोष्टी आमच्या नजरेखालून जातात. त्या अनुभवाच्या आधारे काही बाबी येथे मांडत आहोत.

पदवीचे दोन मार्ग

जनरल सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण मुख्यत्वे दोन मार्गांनी घेता येते. पहिला एम.एस. हा. तो वैद्यकीय महाविद्यालयात होतो आणि पदवी विद्यापीठाची मिळते. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालये या कामी १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. दुसरा मार्ग डी.एन.बी.चा. १९७५ साली सुरू झालेले आणि १९८२ पासून स्वतंत्र संस्था म्हणून काम करणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ ही पदवी देते. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या, परंतु मंडळाची मान्यता लाभलेल्या विश्वस्त रुग्णालयांतही हे शिक्षण मिळते.

एम.बी.बी.एस. नंतर दोन्ही अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत, दोन्हींचा प्रवेश ‘नीट-पीजी’द्वारेच होतो आणि दोन्हींत प्रबंध लिहावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ अन्वये दोन्ही अर्हता मान्यताप्राप्त आहेत. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करण्याचा मानस असल्यास मात्र अध्यापक पात्रतेची चालू अधिसूचना आधी वाचावी, कारण हे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. शासकीय महाविद्यालयाची जागा घेताना बंधपत्राच्या अटी, तर खाजगी जागा घेताना तीन वर्षांचे एकूण शुल्क लेखी स्वरूपात पाहून घ्यावे. एवढे झाल्यावर पदवीच्या नावाचा विचार बाजूस ठेवावा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाकडे वळावे.

खाटांची संख्या आणि हातांचा सराव

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘रुग्णालय किती खाटांचे?’ असा असतो. वाणिज्य शाखेच्या सवयीने आम्ही त्यास भागाकाराची जोड देतो. समजा, एका मोठ्या रुग्णालयात जनरल सर्जरी विभागाच्या वर्षाला ३६०० शस्त्रक्रिया होतात आणि दरवर्षी १२ जागा भरतात. तिन्ही वर्षांचे मिळून ३६ निवासी झाले. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला १०० शस्त्रक्रिया आल्या. दुसऱ्या लहान रुग्णालयात वर्षाला १२०० शस्त्रक्रिया होतात, पण जागा दोनच. तेथे सहा निवाशांत प्रत्येकी २०० येतात.

हा हिशेबही अर्धाच आहे. लहान रुग्णालयातील बहुतांश रुग्ण मानद सर्जनांचे खाजगी रुग्ण असतील, तर निवासी डॉक्टर तीन वर्षे केवळ मदतनीस म्हणून उभा राहील. उलट मोठ्या शासकीय रुग्णालयात मध्यरात्री येणारे अपघाताचे, आतड्यास छिद्र पडलेले, अडकलेल्या हर्नियाचे रुग्ण पाहून जे शिक्षण मिळते, ते ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांतून मिळत नाही. मूत्ररोग, कर्करोग यांसारखे अतिविशेष विभाग त्याच इमारतीत असले, तर ते रुग्ण तिकडे जातात आणि जनरल सर्जरीच्या निवाशास त्या विभागात किती महिने पाठवतात, हे पाहावे लागते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, निवासी डॉक्टरची लॉगबुक पाहावी. शस्त्रक्रिया केवळ पाहिली, मदत केली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली, हे तिच्यावरून समजते. तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यास विचारावे : गेल्या महिन्यात हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय आणि आतडे जोडण्याच्या किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्या? त्यांतील दुर्बिणीद्वारे किती? आणि त्या वेळी शेजारी कोण उभे होते?

शेजारी कोण उभे होते?

या शेवटच्या प्रश्नाला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. ‘आमच्याकडे हात चालवायला भरपूर मिळते’ असे काही ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते. त्याचा अर्थ नीट उकलून घ्यावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. विनामूल्य खाटेवरील रुग्णाची शस्त्रक्रिया विद्यार्थ्याने एकट्याने करावयाची आणि पैसे भरणाऱ्याची वरिष्ठांनी, अशी विभागणी जेथे असेल, तेथे रुग्णावर अन्याय होतोच. शिवाय विद्यार्थ्याचेही शिक्षण होत नाही. चूक दाखवणारा कोणी नसेल, तर तीच चूक हाताला सवयीची होते.

तेव्हा रात्री दोन वाजता बोलावल्यास वरिष्ठ सर्जन येतात की दूरध्वनीवरच सूचना देतात, हे विचारावे. मृत्यू व गुंतागुंतीचा आढावा घेणारी बैठक नियमित होते का आणि तीत कनिष्ठ डॉक्टर निर्भयपणे बोलू शकतो का, हेही विचारावे.

कामाचे तास आणि निवास

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यचिकित्सेच्या निवासी प्रशिक्षणाची घडी बसवली. तेथे विद्यार्थी अक्षरशः रुग्णालयातच राहत. त्याच देशाने २००३ साली निवाशांच्या कामावर आठवड्यास सरासरी ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडील २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत वाजवी कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षास २० दिवसांची पगारी किरकोळ रजा यांची तरतूद आहे. नियम कागदावर सर्वत्र सारखेच असतात. म्हणून मागील महिन्याचे वेळापत्रक पाहावे. रात्रपाळीची विश्रांतीची खोली, तिची कडी, स्वच्छतागृह आणि तेथवर जाणारा दिवा असलेला रस्ता स्वतः पाहावा. २०२४ साली कोलकात्यात कर्तव्यावर असलेल्या निवासी महिला डॉक्टरची हत्या झाल्यानंतर ही बाब दुय्यम मानता येणार नाही.

भेट कशी द्यावी?

रुग्णालयास कामाच्या दिवशी भेट द्यावी. विभागप्रमुखांना भेटावेच, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर उपाहारगृहात चहाही घ्यावा. गेल्या तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात आणि कितीजण मधूनच जागा सोडून गेले, हे दोन प्रश्न विचारले की माहितीपत्रकात नसलेले बरेच काही कळते.

आमच्या हितचिंतकांसही एक विनंती आहे. शस्त्रक्रियागृहासाठी आपण दिलेल्या देणगीतून दिवे आणि यंत्रे येतात. त्यांच्याखाली उद्याचा सर्जनही घडत असतो. त्यामुळे किती शस्त्रक्रिया झाल्या याबरोबरच त्या कोणाच्या देखरेखीखाली झाल्या, हे आम्हांस विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. प्रवेशेच्छू डॉक्टरांसाठी रुग्णांची नावे वगळून केलेला शस्त्रक्रियांचा गोषवारा कार्यालयात पाहावयास ठेवला आहे. तो पाहून कोणी अन्यत्र प्रवेश घेतला, तरी त्याने डोळसपणे निवड केली याचे आम्हांस समाधानच वाटेल.