सावंतवाडीची गंजिफा

मोती तलावाच्या काठी उभ्या असलेल्या सावंतवाडीच्या राजवाड्याच्या दरबार सभागृहात, जिथे एकेकाळी मुजरे झडत आणि अर्जविनंत्या ऐकल्या जात, तिथे आज चितारी मंडळी मान खाली घालून तळहाताएवढ्या गोल पानांवर मत्स्य, कूर्म, वराह रेखीत बसलेली असतात. संस्थान गेले, सनदा गेल्या, परंतु दरबाराची ती जागा रिकामी राहिली नाही, आणि याचे श्रेय शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले या दांपत्याचे आहे.

गंजिफा हा खेळ इराणी मुलखातून आला. अबुल फजलने अकबराच्या दरबारातील १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन 'आइन-ए-अकबरी'त केले आहे. आपल्याकडे येताच त्या यावनी खेळात विष्णूचे दहा अवतार येऊन बसले: दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचे आकडे, अशी एकूण १२० पाने. दिवसा खेळाचा आरंभ रामाच्या राजाने व्हावा आणि रात्री कृष्णाच्या, हा संकेत मला तरी त्या रूपांतरातील सर्वांत रमणीय भाग वाटतो. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, घोटून गुळगुळीत करावयाचे, गोल कापावयाचे, बारीक कुंचल्याने रंगवून त्यांवर लाखेचा हात द्यावयाचा, इतका व्याप एकेका पानामागे असतो.

छापील पत्त्यांपुढे हा व्याप टिकणे दुरापास्तच होते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी वयोवृद्ध झाले होते, आणि त्यांच्या मागे शिकणारे कोणी उरले नव्हते. अशा वेळी संस्थानिकाने इनाम देऊन सुटका करून घ्यावी, हे रीतीला धरून झाले असते. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून या घरी आलेल्या राणीसाहेबांनी मात्र त्या वृद्ध कारागिराचे शिष्यत्व पत्करले, स्वतः कुंचला धरला, आणि पुढे १९७० नंतरच्या काळात पतिपत्नींनी वाड्यातच कारखाना उभारून गावातील तरुण मुलामुलींना हे काम शिकविले. माझ्या मते कला वाचली ती या शिष्यत्वामुळे. केवळ आश्रयाने ती एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात जाऊन बसली असती.

शिवरामराजे १९९५ साली निवर्तले. सत्त्वशीलादेवींनी त्यानंतरही तो कारखाना २०१८ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, सांभाळला. आता पुढच्या पिढीकडे तो वारसा आहे.

वाडीस जाणारे पुष्कळ लोक चितारआळीतील लाकडी फळे घेतात, आणि गंजिफा घेतली तरी ती चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात. माझी विनंती एवढीच की, एक संच खेळण्यासाठी घ्यावा. तिघे जमले की पुरे. प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात.