परवान्याचं रिव्हॉल्व्हर बिघडलं? लेथवाल्याकडे नेऊ नका

रिव्हॉल्व्हरचा घोडा अडकला, की काही जण ते सरळ गावातल्या लेथवाल्याकडे नेतात. इथंच घोळ होतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या बदलानंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षं कैद आहे.

वॉरंटी असेल तर हत्यार रिकामं करा, स्वतः खोलू नका. बिल, वॉरंटी कार्ड, परवाना घेऊन मूळ दुकानदाराकडे जा. हत्यार ठेवून घेतलं तर नंबर टाकलेली पावती मागा. परवाना महाराष्ट्रापुरताच असेल, तर कानपूरच्या कारखान्यात नेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात परवानगीचं विचारा. परवानाधारक सोबत नसेल, तर नेणाऱ्याकडे त्याचं लेखी पत्र हवंच.

पावती जपून ठेवा. तपासणीत हत्यार घरात दिसलं नाही, तर जाब परवानाधारकालाच द्यावा लागतो.