‘टेन’ची दोन रूपे : पुनर्प्रकाशित अल्बम आणि श्रोत्यांची मते

पार्श्वभूमी

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात १९९० साली ‘पर्ल जॅम’ हा रॉक बँड स्थापन झाला. त्याचा ‘टेन’ हा पहिला अल्बम ऑगस्ट १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला विक्री संथ होती. १९९२ मध्ये ती झपाट्याने वाढली आणि अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मार्च २००९ मध्ये तो चार वेगवेगळ्या आवृत्त्यांत पुन्हा प्रसिद्ध झाला. मूळ अल्बमसोबत त्याच गाण्यांचे नवे मिक्सही त्यात देण्यात आले. एकाच अल्बमची दोन रूपे शेजारी आल्यामुळे श्रोत्यांच्या मतांत जी विभागणी झाली, ती ध्वनिमुद्रित संगीत कसे घडते आणि कसे ऐकले जाते हे समजून घेण्यास उपयोगी आहे.

मिक्सिंग आणि मास्टरिंग

रॉक अल्बमचे ध्वनिमुद्रण करताना गायन, गिटार, बेस आणि ड्रम स्वतंत्र ट्रॅकवर नोंदवले जातात. हे ट्रॅक एकत्र करताना कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डावीकडे आणि कशाला किती घुमारा द्यायचा हे ठरवणे म्हणजे मिक्सिंग. तयार झालेल्या मिक्सची एकूण पातळी आणि खर्ज-मध्य-तीव्र स्वरांचा समतोल निश्चित करणे म्हणजे मास्टरिंग. यावरून पुनर्प्रकाशनाचे दोन प्रकार होतात. रीमास्टरमध्ये जुनेच मिक्स नव्याने उजळले जाते. त्यातील एखादे वाद्य वेगळे काढून पुढे आणता येत नाही. रीमिक्समध्ये मूळ ट्रॅकपासून पुन्हा जुळणी होते. जुन्या हिंदी गाण्याला नवा ठेका जोडणे हा रीमिक्सचा भारतात रूढ झालेला अर्थ येथे लागू होत नाही.

घुमाऱ्याचा प्रश्न

‘टेन’चे ध्वनिमुद्रण सिअ‍ॅटलमधील लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माते रिक पराशर यांच्यासोबत झाले, तर मिक्सिंग इंग्लंडमधील रिज फार्म स्टुडिओत टिम पामर यांनी केले. या मिक्समध्ये रिव्हर्ब, म्हणजे भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीसारखा घुमारा, भरपूर आहे. देवळाच्या सभामंडपात म्हटलेले पद जसे भरदार वाटते, पण त्यातील शब्दांच्या कडा पुसट होतात, तसा हा परिणाम असतो. १९८०च्या दशकातील रॉक संगीतात असा विशाल ध्वनी रूढ होता. पुढे बँडच्या सदस्यांनाच तो अधिक वाटू लागला. बेसवादक जेफ अ‍ॅमेंट यांनी घुमारा कमी करून अल्बम नव्याने मिक्स करण्याची इच्छा बोलून दाखवली होती.

नव्या मिक्सची वाटचाल

हे काम ब्रेंडन ओब्रायन यांच्याकडे आले. बँडचा दुसरा अल्बम ‘व्हर्सस’ (१९९३) आणि त्यानंतरचे काही अल्बम त्यांच्याच सहकार्याने घडले होते. २००४ च्या ‘रिअरव्ह्यूमिरर’ या संकलनात ‘वन्स’, ‘अलाइव्ह’ आणि ‘ब्लॅक’ ही ‘टेन’मधील तीन गाणी त्यांनी नव्याने मिक्स केली होती, २००९ मध्ये संपूर्ण अल्बम तसा झाला. घुमारा कमी झाला, गायक एडी व्हेडर यांचा आवाज जवळ आला आणि दोन गिटारींतील अंतर स्पष्ट झाले. परिणामी ‘टेन’चा ध्वनी ‘व्हर्सस’च्या कोरड्या, थेट ध्वनीकडे सरकला.

मतांचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह स्पष्टतेचा आहे. स्टोन गोसार्ड आणि माइक मॅक्रेडी यांच्या गिटारींची गुंफण आणि बेसची चाल आता उलगडून ऐकू येते, असे या श्रोत्यांचे म्हणणे. बँडला प्रत्यक्ष कार्यक्रमांत ऐकणाऱ्यांना नवे मिक्स त्या अनुभवाच्या जवळचे वाटते. दुसरा प्रवाह वातावरणाचा आहे. ‘ओशन्स’ किंवा ‘रिलीज’ यांसारख्या संथ गाण्यांत घुमारा हा दोष नसून रचनेचाच भाग आहे. तो काढल्यावर गाण्याची खोली कमी होते, असा त्याचा आक्षेप. तिसरा प्रवाह संग्राहकांचा आहे. त्यांचे लक्ष मिक्सपेक्षा सोबतच्या सामग्रीकडे असते : सहा अतिरिक्त गाणी, एमटीव्हीवरील १९९२ च्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाची डीव्हीडी आणि सर्वांत मोठ्या आवृत्तीतील ‘मम्मा-सन’ या डेमो कॅसेटची प्रतिकृती. व्हेडर बँडमध्ये येण्यापूर्वी सॅन डिएगोत राहत होते. सिअ‍ॅटलहून आलेल्या वाद्यसंगीतावर त्यांनी शब्द रचून, गाऊन परत पाठवलेली ती कॅसेट म्हणजे बँडच्या जन्माचाच दस्तऐवज होय.

पहिल्या अल्बमचे वेगळेपण

पदार्पणाच्या अल्बमबाबत मतभेद अधिक तीव्र होण्यामागे एक कारण आहे. नव्या बँडचा निर्मितीप्रक्रियेवरील अनुभव आणि अधिकार मर्यादित असतो, त्यामुळे पुढे प्रस्थापित झाल्यावर त्याला पहिल्या कामात दुरुस्ती करावीशी वाटते. श्रोत्याची मात्र बँडशी ओळख त्याच ध्वनीतून झालेली असते. कलावंत ज्याला उणीव समजतो, तीच श्रोत्याच्या लेखी ओळखीची खूण ठरते.

मतांच्या मर्यादा

दोन मिक्सची तुलना दिसते तितकी सोपी नाही. दोन रूपांची पातळी थोडी जरी वेगळी असली, तरी मोठ्याने वाजणारे रूप अनेकदा सरस भासते. आवाज वाढला की कानाला खर्ज आणि तीव्र स्वर तुलनेने अधिक जाणवतात; फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये मोजमापांसह हे दाखवले होते. म्हणून न्याय्य तुलनेसाठी दोन्ही रूपे समान पातळीवर आणि कोणते वाजत आहे हे न कळता ऐकावी लागतात. सवय हा दुसरा घटक आहे. अठरा वर्षे एकच रूप ऐकलेल्या कानाला प्रत्येक बदल आधी चूक म्हणूनच जाणवतो, तर २००९ नंतर अल्बमकडे वळलेल्या श्रोत्यावर तसे ओझे नसते.

मूळ रूपाचे स्थान

पुनर्प्रकाशनावरील रोष सर्वाधिक कधी उसळतो, हे रॉक गायक ओझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या एकल अल्बमवरून दिसते. ‘ब्लिझर्ड ऑफ ओझ’ (१९८०) च्या २००२ मधील आवृत्तीत बॉब डेझ्ली यांचा बेस आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम काढून त्या जागी अन्य वादकांचे नवे वादन घालण्यात आले. तेथे श्रोत्यांना निवडीला वाव नव्हता आणि नापसंती व्यापक होती. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. ‘टेन’च्या बाबतीत मतभेद झाले, पण फसवणुकीची भावना सहसा आली नाही. त्याचे कारण साधे आहे : २००९ च्या चारही आवृत्त्यांत नव्या मिक्सच्या शेजारी पामर यांचे १९९१ चे मिक्सही होते.