शौकाला शिस्त हवी : व्यावसायिक छायाचित्रणाचा धंदा

खामगाव, मलकापूर, चिखलीकडे एखादा मुलगा लहानपणापासून चित्रांत आणि कॅमेऱ्यात रमला की वडीलधारी मंडळी विचारतात, "याने पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. नुसत्या शौकाने पोट भरत नाही. हुनर कामात मुरावे लागते.

मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) हे रसायनशास्त्राचे पदवीधर. १९७४ साली ते लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात लागले आणि १९८७ साली पूर्णवेळ स्वतःच्या व्यवसायात उतरले. म्हणजे तेरा वर्षे नोकरीत राहून त्यांनी हात पक्का केला. पुढे सिनेकलावंतांच्या छायाचित्रांनी त्यांचे नाव झाले.

लग्नाचा फोटो आठवणीसाठी असतो. व्यावसायिक फोटोने माल विकला गेला पाहिजे. आम्ही कापडवाले जाणतो की उजेड बाजूने तिरपा पडला तर कापडाचा पोत उठून दिसतो. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की रंग बिघडतो. फोटोतला रंग आणि साडीचा रंग जुळला नाही, तर गिऱ्हाईक माल परत करते.

हिशेबाचीही एक बाब आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणून दर, मुदत आणि हक्क आधीच कागदावर लिहून घ्यावेत.

मुलाला महागडा कॅमेरा घेऊन देण्याआधी चांगल्या स्टुडिओत उमेदवारी करू द्यावी. भांडवल त्यानंतर घालावे.