कॅमेरा घ्या, पक्षी भेटतील!

दोस्तांनो, मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी चक्क एक जंगल आहे, खरं वाटतं का? हेच महाराष्ट्र निसर्ग उद्यान! एकेकाळी इथे शहराचा कचरा टाकत. त्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान सर्वांसाठी खुलं झालं.

सकाळी लवकर जा. ऊन कोवळं असतं आणि पक्षी पोटापाण्याच्या उद्योगात असतात. सूर्य आपल्या पाठीमागे ठेवा, म्हणजे पक्ष्यावर छान उजेड पडतो. 'टुक्‌-टुक्‌' ऐकू आलं की वर बघा, उंच फांदीवर तांबट असेल. शिंजीर दिसला तर मागे धावू नका. फुलाजवळच गप्प थांबा, तो पुन्हा येतो. फोकस मात्र त्याच्या डोळ्यावर हवा! नदीकाठच्या तिवरांचा फोटो काढताना कॅमेरा तिरका धरू नका, नाहीतर पाणी सांडतंय असं वाटेल.

आणि बुलबुलाचं घरटं दिसलं तर? मोह होईलच. पण फांदी बाजूला सारली, की घरटं उघडं पडतं आणि कावळ्याला आयतीच मेजवानी मिळते. तेव्हा हळूच मागे फिरा. एक फोटो कमी आला म्हणून काय बिघडलं? पिल्लं सुखरूप उडाली, तर पुढच्या खेपेला तीच समोर येऊन बसतील!