रिकाम्या वर्गात सांडलेले पाणी

‘वीज वाचवा’ ही पाटी आपल्याकडे प्रत्येक सरकारी भिंतीवर असते आणि पुष्कळदा तिच्याच खाली भर दुपारी दिवा जळत असतो. घरात असे चालत नाही. घरात आई ओरडते, कारण बिल घराचे असते. विद्यापीठातले बिल कुणाचे? तास संपला की प्राध्यापक निघतात, पाठोपाठ मुले निघतात आणि शिपाई कुलूप लावायला संध्याकाळी येतो. तोवर पंखे रिकाम्या बाकांना वारा घालत राहतात.

मी धाराशिव जिल्ह्यातला. आमच्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तालुक्यांच्या गावी महाविद्यालये आहेत. कुणा एकाकडे बोट दाखवायचे नाही; ही सवय राज्यभराची आहे. पण आमच्या भागात तिची किंमत वेगळी पडते, म्हणून हा हिशेब.

एका वर्गात ७५ वॅटचे ६ पंखे आणि चोक धरून ५० वॅटच्या ८ जुन्या ट्यूब समजू. एकूण ८५० वॅट. असे १० वर्ग रोज २ तास रिकामेच चालू राहिले, तर २०० दिवसांत ३,४०० युनिटे जातात. राज्यातल्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचा आहे आणि कोळशाच्या केंद्राला पाणी लागते. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. त्या मापाने आपल्या १० वर्गांनी सुमारे १२ हजार लिटर पाणी उडवले. म्हणजे एक टँकर!

टँकर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक केंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले. पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. वीज आणि पाणी ही आपण दोन खाती समजतो. दुष्काळात ती एकच असतात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. खिडकीकडच्या ओळीतल्या दिव्यांना वेगळे बटण हवे, म्हणजे उजेड असताना तेवढे दिवे बंद ठेवता येतात. पंखा जळाला की तोच पुन्हा न भरता ३० वॅटच्या आसपास चालणारा नवा बीएलडीसी पंखा घ्यावा. गच्चीवर सौरऊर्जा जरूर आणावी, पण आधी गळती थांबवावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दर महिन्याचे वीजबिल सूचनाफलकावर लावावे, विभागवार आकड्यांसह. आकडा दिसला की बिलाला मालक मिळतो.

कळशीभर पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली पोरे या वर्गांत शिकतात. त्यांना बटण बंद करायला शिकवावे लागणार नाही. त्या बटणामागे पाणी आहे, एवढेच कुणीतरी सांगायला हवे.